शिऱ्यावर पेरलेली कविता: मराठी मोठ्याने वाचायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

"शिरा ताटलीत काढा आणि वरून चारोळी पेरा." एवढंच वाक्य मी मायक्रोफोनसमोर वाचलं आणि काचेपलीकडे बसलेल्या काकूंनी कपाळाला हात लावला. मी वाचली ती चार ओळींची चारोळी होती. शिऱ्यावर पडते ती वेगळी, आणि तिचा च सुद्धा वेगळा. "अगं, शिऱ्यावर कविता पेरलीस की!" असं म्हणत त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मी इंदूरची. घरात मराठी, शाळा हिंदी. पुण्याला आल्यावर अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करण्याचं काम हौसेनं धरलं. आपलं मराठी चांगलं आहे असा माझा समज होता. पहिल्या महिन्यातच तीन ध्वनिमुद्रणं परत आली. चुकांची यादी घेऊन बसले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. आजीच्या तोंडून ऐकलेला एकही शब्द त्या यादीत नव्हता. होते ते सगळे छापलेल्या पानावर पहिल्यांदा भेटलेले. डोळ्याने आधी ओळख करून घेतली की जीभ अंदाजाने चालते, आणि माझ्या जिभेचा अंदाज हिंदीचा होता.

पुढची वर्षभराची धडपड तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे. निवेदन करणारे, पॉडकास्टवाले, परराज्यात किंवा परदेशात वाढून आता मराठी वाचू लागलेले, वर्गात धडा वाचून दाखवणारे नवे शिक्षक, सगळ्यांना उपयोगी पडावं.

लागणारं सामान

- मजकुराची छापील प्रत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडलेली. मोबाइलच्या पडद्यावर खुणा नीट करता येत नाहीत.
- पेन्सिल आणि खोडरबर. पेन नको, कारण खुणा बदलाव्या लागतातच.
- मोबाइलमधला रेकॉर्डर आणि साधे इअरफोन.
- शब्दकोश. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात.
- एक जाणता कान. शेजारच्या आजोबांचा असला तरी चालेल, फक्त ते तोंडावर चूक सांगणारे हवेत.

१. पहिलं वाचन तोंड मिटून

पूर्ण मजकूर मनात वाचा आणि जे शब्द तुम्ही कधी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत त्यांना गोल करा. इथे प्रामाणिक राहायचं. शब्दाचा अर्थ कळणं वेगळं आणि तो ऐकलेला असणं वेगळं. 'जाज्वल्य' मला कळत होता, पण घरी जाज्वल्य कोण बोलतं?

मग प्रत्येक गोलाशेजारी शब्दाचं गाव लिहा. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर 'सं', मराठीत झिजून घरचा झालेला असेल तर 'घ', फारसी-अरबीला 'फा', पोर्तुगीजला 'पो', इंग्रजीला 'इं'. ही अक्षरं पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीला लागणार आहेत. उच्चार अडला की आधी शब्दाचं गाव विचारायचं, हीच माझी सगळी पद्धत. अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

२. च, ज, झ: दोन आवाज, एक अक्षर

सगळ्यात जास्त मुद्रणं इथेच परत येतात, म्हणून इथे वेळ घालवू.

'चमचा' म्हणा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. आता 'चिमटा' म्हणा. जिभेचा मधला भाग टाळूला लागतो. व्याकरणात पहिल्याला दंततालव्य म्हणतात आणि दुसऱ्याला तालव्य. मी त्यांना चमच्याचा च आणि चिमट्याचा च म्हणते. ज साठी जोडी 'जुना' आणि 'जिना'. झ साठी 'झाड' आणि 'झिम्मा'. देवनागरीत दोन्हींना एकच अक्षर, आणि हिंदीत फक्त चिमट्याचा आवाज, म्हणून हिंदी शाळेतून आलेली माणसं सगळीकडे चिमटाच लावतात. तेलुगू माणसाला मात्र हे पटकन जमतं, त्यांच्याकडेही हे दोन आवाज आहेत.

कुठे कोणता, ते असं ओळखायचं.

पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर चिमटा. चिंच, चेहरा, जीव, जेवण, ज्योत. इथे सहसा फसायला होत नाही.

पुढे अ, आ, उ, ओ असेल तर तुम्ही लिहिलेलं गाव पाहा. 'सं' असेल तर चिमटा, 'घ' असेल तर चमचा. एकाच घराण्यातले दोन शब्द शेजारी ठेवले की हे चांगलं दिसतं. 'चक्र' संस्कृत, त्याचा च चिमट्याचा; तेच झिजून 'चाक' झालं आणि चमच्याचं झालं. 'चंद्र' आणि 'चांदणं' तसेच. 'चर्म' आणि 'चामडं', 'पंच' आणि 'पाच', 'जन' आणि 'चार जण', सगळ्यांचं तेच. 'जगत्' आणि 'जगन्नाथ' चिमट्याचे, पण आपण ज्या जगात राहतो ते 'जग' चमच्याचं. पाणी भरायचा 'जग' इंग्रजीतून आला, तो पुन्हा चिमट्याचा.

फारसी-अरबीतून आलेल्या शब्दांत मूळ आवाज 'झ'सारखा, दातांजवळून येणारा असेल, तर मराठीने त्याला चमच्याचा ज दिला. बाजार, हजार, जमीन, नजर, आवाज. त्यामुळे 'जरा थांब' मधला जरा चमच्याचा आणि 'जरा-मरण' मधला जरा, म्हणजे म्हातारपण, चिमट्याचा. लिहायला दोन्ही सारखे. तशाच आणखी जोड्या: 'जप' करायचा तो चिमट्याने आणि वस्तू 'जपून' ठेवायची ती चमच्याने. 'पुस्तक वाचा' चमच्याचं, 'वाचा बसली' चिमट्याचं. इंग्रजीतून आलेले चॉकलेट, जॉब, चार्जर हे चिमट्याचेच राहिले.

एक बारीक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. शब्द चालवला की आवाज बदलतो. एक 'चमचा', पण दोन 'चमचे': दुसरा च चिमट्याचा होतो, कारण पुढे ए आला. 'माझा' चमच्याचा, 'माझी' चिमट्याची. मग 'माझं'? पुढे तर अ दिसतो. तरीही चिमटाच. कारण हे 'माझं' मुळात 'माझें' आहे. जुन्या छापील पुस्तकांत तसंच सापडतं. ए गेला, पण जाताना आपला आवाज ठेवून गेला. 'आमचा, आमची, आमचं' यांचंही तसंच. जोर देण्यासाठी लावतो तो च मात्र कायम चमच्याचा: मीच, हेच, आत्ताच.

*फसण्याची जागा:* हा नियम आहे, कायदा नव्हे. 'चार' चिमट्याचा, पण त्याच घरातले 'चौथा', 'चौदा', 'चौक' चमच्याचे. 'चोर' संस्कृतातही चोरच आहे, तरी मराठीत चमच्याचा. अशांची वहीत वेगळी यादी करा.

दुसरा धोका उलट बाजूने येतो. चमचा जमला की माणूस त्याच्या प्रेमात पडतो. मी पुढचे पंधरा दिवस 'चरित्र', 'जन्म', 'चरण' सगळं चमच्याने वाढत होते. काकू म्हणाल्या, "आधीचं बरं होतं." छापील प्रतीवर चमच्याच्या अक्षराखाली पेन्सिलीने टिंब द्या आणि टिंब नसेल तिथे चिमटा, एवढं पाळलं की हात आवरतो.

३. लांब शब्द सांध्यावर फोडा

संस्कृत जोडशब्द तोंडात बसत नसेल तर तो कुठे जोडला आहे ते शोधा. इथे चुकीचा उच्चार आणि चुकीचं लेखन हातात हात घालून चालतात, त्यामुळे छापील प्रतीवर विसंबू नका. वर्तमानपत्रातही हे चुकलेले दिसतात.

'कोट्यवधी' म्हणजे कोटी + अवधी. यात 'ट्या' कुठूनही येत नाही. पण 'लक्षावधी' आणि 'अब्जावधी' यांत आ आहे, कारण लक्ष आणि अब्ज अकारान्त आहेत. त्यांच्या नादाने लोक 'कोट्यावधी' म्हणतात. 'दुरवस्था' म्हणजे दुर् + अवस्था. 'दुरावस्था' म्हणताना आपण मधे एक काना फुकट घालतो. 'अद्ययावत' म्हणजे अद्य + यावत्, आजपर्यंतचं. घाईत एक य गिळला की 'अद्यावत' होतं. 'अंत्येष्टी' म्हणजे अंत्य + इष्टी, शेवटचा यज्ञ.

'परंपरा'ला 'इक' प्रत्यय लागला की पहिल्याच स्वराची वाढ होते, अ चा आ होतो, म्हणून 'पारंपरिक'. 'पारंपारिक' नव्हे, दुसऱ्या प ने काही मागितलेलं नाही. त्याच न्यायाने 'व्यवहार'चं 'व्यावहारिक'.

'महत्त्व' आणि 'तत्त्व' यांत दोन त आहेत: महत् + त्व, तत् + त्व. 'पश्चात्ताप'मध्येही दोन. वाचताना पहिल्या त वर क्षणभर थांबा, आपोआप नीट येतं. 'उज्ज्वल'मधले दोन ज तसेच.

माझा आवडता शब्द 'शुश्रूषा'. बरेच जण 'सुश्रुषा' म्हणतात, कारण 'सु' चांगला वाटतो. पण यात 'सु' नाहीच. 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. त्यावरून आज्ञेत राहणं, सेवा करणं आणि शेवटी रुग्णाची देखभाल. 'अनसूया'ही अशीच: अन् + असूया, मत्सर नसलेली. 'अनुसया' म्हटलं की अर्थच निघून जातो. अर्थात एखाद्या बाईंचं नाव कागदोपत्री अनुसया असेल तर तेच वाचायचं. त्याबद्दल शेवटच्या पायरीत.

४. ठिपक्याकडे नीट पाहा

मराठीतला अक्षरावरचा ठिपका तीन-चार वेगळी कामं करतो.

'अंगण', 'चिंच', 'खांब' यांत तो पुढच्या अक्षराच्या वर्गातला अनुनासिक आहे, ते सगळ्यांना जमतं. पुढे य आला की तो य मध्ये मिसळतो: 'संयम'चा उच्चार 'सन्यम' नव्हे, तर नाकातून काढलेल्या 'सय्यम'च्या जवळ. पुढे र, व, श, स, ह आले की मराठीत नाकातला व येतो. 'संशय', 'संसार', 'सिंह', 'अंश' यांत स्पष्ट न काढलात तर ऐकणाऱ्याला तुम्ही नर्मदेच्या पलीकडचे आहात हे लगेच कळतं. मला विचारा.

आणि 'केलं', 'घरं', 'माझं' यांतला ठिपका नाकात वाजवायचाच नाही. तो लांबवलेल्या अ ची खूण आहे. परदेशात वाढलेला माझा एक भाचा 'मी काम केलम्' असं वाचायचा. त्याला वाटायचं ही संस्कृतची परीक्षा आहे.

ठिपका पडल्याने घात झालेला शब्द म्हणजे 'वाङ्मय'. वाक् + मय, क् चा ङ् झाला. ङ चा ठिपका छपाईत उडाला की उरतो ड, आणि मग चांगले शिकलेले लोक मंचावर 'वाड्मय' म्हणतात. पहिला भाग 'वांग्यां'तल्या नासिक्य आवाजासारखा, ड चा संबंध नाही.

५. ज्ञ आणि ऋ

थोडक्यात. ज्ञ म्हणजे ज् + ञ. मूळ उच्चार रोजच्या बोलण्यात आता फारसा राहिलेला नाही: हिंदीत ग्य, गुजरातीत ग्न, मराठीत द्न्य. म्हणून मराठी वाचताना विद्न्यान, द्न्यानेश्वर. ग्यानेश्वर म्हणाल तर आळंदीला जाऊ नका.

ऋ मराठीत रु कडे झुकतो, हिंदीत रि कडे. कृपया, कृष्ण, संस्कृत, ऋषी. 'हृदय' लिहिताना ह ला ऋकार आहे. 'ह्रद' हा वेगळा शब्द, त्याचा अर्थ डोह. 'गृह' आणि 'ग्रह' यांत फरक ठेवा, नाहीतर गृहमंत्री थेट शनी-मंगळाच्या खात्यात जातात.

६. ट की ठ

'सर्वात जास्त' असा अर्थ असेल तर ठ: श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ. 'झालेलं' असा अर्थ असेल तर ट: नष्ट, भ्रष्ट, संतुष्ट, उत्कृष्ट. 'उत्कृष्ठ' हा श्रेष्ठच्या संगतीने बिघडलेला. षष्ठी म्हणजे सहावी, तिला ठ; साठला संस्कृतात षष्टि, तिथे ट. म्हणून साठी शांतीच्या पत्रिकेवर 'षष्ट्यब्दीपूर्ती'. हा शब्द सलग तीन वेळा म्हणून पाहा आणि मगच मुद्रणाला बसा.

७. ळ आणि ण

हिंदी किंवा बंगाली वळणाची जीभ असेल तर या जोड्या रोज सकाळी मोठ्याने म्हणा: काळ-काल, वेळ-वेल, मूळ-मूल, गाळ-गाल, खाण-खान, मण-मन. ळ साठी जिभेचं टोक मागे वळवून टाळूवर आपटून खाली आणायचं. आरशासमोर करा, हसू येईल, पण येतं.

इथे एक सांगायलाच हवं. वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो, कितीतरी घरांत 'पाणी'चं 'पानी' होतं. त्या चुका नाहीत, त्या त्या भागाच्या बोली आहेत. हे मार्गदर्शन प्रमाण मराठीतला मजकूर वाचण्यापुरतं आहे. पात्राच्या तोंडी 'पानी' छापलं असेल तर पानीच वाचा. बोलणाऱ्या माणसाला मधेच थांबवून सुधारत बसू नका; मी एकदा हे केलं आहे, दुधवाल्याशी, आणि आठवडाभर दूध उशिरा आलं.

८. जे दुरुस्त करायचं नाही

मूळ शोधण्याची सवय लागली की एक नवा रोग जडतो: सगळं मुळाप्रमाणे म्हणायचा. काही शब्द चुकूनच मराठी झाले आहेत आणि आता तेच बरोबर आहेत.

संस्कृतात ह आधी येतो: चिह्न, मध्याह्न, जिह्वा, प्रह्लाद, आह्लाद. मराठीने जागांची अदलाबदल केली आणि तसंच लिहायलाही लागली: चिन्ह, मध्यान्ह, जिव्हा, प्रल्हाद, आल्हाद. तिथे संस्कृत उच्चार करून विद्वत्ता दाखवू नका. 'ब्रह्म' मात्र लिहिताना जुन्याच पद्धतीने लिहितो आणि बोलताना 'ब्रम्ह' म्हणतो. 'आव्हान'ही मूळचं आह्वान. त्याची 'आवाहन'शी गल्लत करू नका: रक्तदानाचं करतात ते आवाहन, प्रतिस्पर्ध्याला देतात ते आव्हान.

पोर्तुगीजांकडून आलेले शब्द तर पाहण्यासारखे आहेत. त्यांच्या 'बाल्दे'ची आपण बालदी केली आणि मग अक्षरं उलटून बादली. 'बिसाग्रा'ची बिजागरी, 'गामेला'चं घमेलं. 'अफोन्सो' या माणसाच्या नावाचा आंबा कोकणात हापूस झाला. बाजारात जाऊन अफोन्सो मागा बरं.

९. नावं: कोश मिटा, फोन उचला

माणसांच्या आणि गावांच्या नावांना वरचं काहीही लागू नाही. संस्कृतात अहल्या आहे, पण होळकरांच्या त्या अहिल्याबाई, आणि जिल्ह्याचं नावही आता अहिल्यानगर. इंदूरच्या मुलीला हे कुणी शिकवायला नको होतं. तरी नव्या ज्ञानाच्या भरात मी एका मुद्रणात 'अहल्याबाई' वाचून आले.

मुंबईची नावं इंग्रजी पाट्यांवरून उचलू नका. परळ, शीव, वांद्रे, भायखळा, चिंचपोकळी. शीव म्हणजे हद्द, गावाची सीमा. 'सायन' म्हटल्यावर त्यातलं काय कळतं?

सगळ्यात कठीण म्हणजे रोमन लिपीत आलेली यादी. एकाच स्पेलिंगमधून काळे निघतात तसे कालेही, काणे तसे काने, बाळ तसे बल. 'दाते' हे आडनाव संगणकाच्या आवाजाने 'डेट' असं वाचलेलं मी स्वतः ऐकलं आहे. अशी यादी हाती आली की अंदाज करू नका. प्रत्येक नावासमोर रिकामी जागा सोडा, यादी देणाऱ्याला फोन लावा, त्याच्याकडून एकेक नाव वदवून घ्या आणि ते देवनागरीत टिंबांसकट लिहा.

गेल्या महिन्यात अशाच एका यादीत चिंचोली होतं. की चिंचोळी? महाराष्ट्रात दोन्ही नावांची गावं आहेत. शेवटी तिथल्या एका दुकानदाराला फोन लागला. "चिंचोली," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "पण आमची म्हातारी चिच्चोली म्हणते." मी वहीत दोन्ही लिहून घेतलं आणि मुद्रणात पहिलं वाचलं.